अर्धी ट्रॉली

ता. ९ फेब्रुवारी, दुपार

चिंगळे,

अक्षरावरून ओळखलंस ना? दुसरीपर्यंतच्या शाळेत ओळ सरळ ठेवायला शिकवत नसत. तुझे आजोबा म्हणतात, माझी ओळ ओहोटीला लागते. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे. तो मी शेवटी लिहीन. चौदा महिने तुझ्याशी न बोललेल्या बाईनं आल्या आल्या आशीर्वाद द्यायचा तर आधी तोंड तरी कुठल्या साबणानं धुवायचं?

तर आज काय झालं ते सांगते. मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना कारखान्याच्या हॉलमध्ये बोलावलं. जी तीन टेबलं बंद पडली तिथल्या बायकाही आल्या. काही जणी जुने एप्रन घालून आल्या होत्या, काम नसताना. दोनवेण्याही आली. तिला तू विसरली नसशील, पन्नाशी उलटली तरी दोन वेण्या घालते आणि मासा सोलताना गाते. तिची एक वेणी पिकली आहे, दुसरी काळी. कशी काय ते देव जाणे.

मॅनेजर म्हणाला, आपले डबे घेणाऱ्या दुकानांनी, म्हणजे तू नोकरी करतेस त्यांनीच, आपल्याला एक संधी दिली आहे. वीस मार्चला तपासणी. पास झालो तर ट्यूनाच्या डब्यांची मोठी ऑर्डर परत, तिन्ही टेबलं परत. नापास झालो तर उरलेलं एक टेबलही जाईल आणि दाराला कुलूप. (डब्यावर ट्यूना छापतात. आपण कुपाच म्हणतो. कुप्याला तरी कुठे ठाऊक की तो ट्यूना आहे.)

मग त्यानं एक कागद काढला. म्हणाला, ऑर्डर थांबली तेव्हाचा हा अहवाल, मी तुम्हाला तेव्हाच वाचून दाखवायला हवा होता. आणि वाचला. मी दोनदा वाचायला लावला, म्हणून जवळजवळ पाठ आहे.

'गळानं एकेक धरलेला मासा आणि मोठ्या जाळ्यातला मासा इथे एकाच ट्रॉलीत मिसळतो, हे मी पाहिलं. त्यामुळे गळाचा मासा असं छापलेल्या डब्यावर विश्वास ठेवता येत नाही. पण चूक बायकांची नाही. गळाच्या माशाला निळ्या पाट्या लावणाऱ्यांनी त्या कशासाठी आहेत हे त्यांना सांगितलंच नाही. वाफेच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंना मी विचारलं, त्यांनी काही न लपवता सांगितलं. त्या माझ्या आजी आहेत. म्हणून माझा शब्द कमी धरायचा असेल तर धरा, आणि पुढची तपासणी दुसऱ्या कोणाकडे द्या. पण ऑर्डर रद्द करू नका. थांबवा. शिकायला वेळ द्या. आपण हात काढून घेतला तर हेच डबे काही न विचारणाऱ्याकडे जातील. त्यात समुद्राचं भलं नाही आणि या बायकांचंही नाही.'

खाली तुझं नाव.

चिंगळे, मला वाटत होतं तू कारखाना बंद पाडलास. तू तर तो बंद पडताना दारात पाय अडकवून ठेवला होतास.

आणि 'त्या माझ्या आजी आहेत'. तू तपासणीला आली होतीस तेव्हा टोपी, मास्क, हातात वही. मला सगळ्यांसमोर 'बाई' म्हणालीस. ऑर्डर गेल्याचा राग नंतरचा गं. आधी ते 'बाई' लागलं होतं. नंतर फोनवर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेलच. तेवढं विसर. बाकी सगळं लक्षात ठेव.

मी तुझी फार आभारी आहे. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला, तीनदा खोडून.

कागद संपला. आशीर्वाद राहिला.

आजी

ता. १७ फेब्रुवारी, सकाळी चहानंतर

चिंगळे,

उत्तर नाही. नसू दे. चौदा महिने मी दिलं नाही, तुला आठ दिवस तरी हक्क आहे.

इकडे शाळा भरली आहे. आम्ही बायका विद्यार्थी आणि मास्तर कोण सांग? तुझे आजोबा. मॅनेजरनं त्यांना बोलावलं, गळाचा मासा म्हणजे काय ते सांगा म्हणून. ते आपली जुनी काठी घेऊन आले. दारातून आत आणताना दिवा फोडला. मग म्हणाले, एक माणूस, एक काठी, एक गळ, एक मासा. लहान आला तर सोडून द्यायचा, तो जिवंत परत जातो. कासव गळाला लागत नाही. आणि मोठं जाळं? मोठ्या बोटी समुद्रात तराफे सोडतात, त्यांच्या सावलीला पिल्लं येऊन राहतात, कासवं येतात. मग भोवती जाळं फिरवलं की सगळंच वर. आजोबा म्हणाले, 'पाळणाघराला वेढा घातल्यासारखं आहे ते.'

सव्वीस वर्षं मी कुपा हाताळला. कुठून आला हे कधी मनात आलं नाही. बर्फातून आला एवढंच.

मागे मोठ्या जाळ्याच्या बोटीचा कप्तानही बसला होता. मला वाटलं आता जुंपणार. पण तो उठून शांतपणे म्हणाला, आम्ही आता वर्षातले तीन महिने तराफ्यांकडे जात नाही. बोटीवर एक टिपणारा माणूस असतो, काय वर आलं, काय सोडलं, सगळं लिहितो. तुझे आजोबा म्हणाले, कशावरून? तो म्हणाला, 'काका, मलाही उद्या मासा हवाय. माझ्या बोटीचं कर्ज माशालाच फेडायचंय, काठीला नाही.' आजोबा हसले. दोघं नंतर धक्क्यावर चहा पीत बसले. काठी त्याच्याच खांद्यावर.

तर आता निळी पाटी गळाच्या माशाची, पिवळी जाळ्याच्या. बोटीपासून डब्यापर्यंत पाटी सुटायची नाही. झाकणावर बारीक आकडे उमटतात ना, त्यात बोट कळते. मी आकडे वाचायला शिकले. म्हणून काल कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि एकेक डबा उलटा करून पाहायला लागले. दहा-बारा झाले तेव्हा दुकानदार म्हणाला, 'आजी, डबा घ्यायचाय की जावई करून घ्यायचाय?'

मी म्हटलं, जावयाला एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्या आत्याच्या नवऱ्यावरून बोलले. पण नंतर त्याला नीट सांगितलं, की बोट कुठली ते न सांगणारा डबा मी घेणार नाही, आणि माझ्या ओळखीच्या चाळीस बायका घेणार नाहीत. तो म्हणाला, चाळीस? मी म्हटलं, चार टेबलं, मोज. आज सकाळी पाहिलं तर त्यानं आकडेवाले डबे पुढच्या फळीवर आणले आहेत. उलटे ठेवले आहेत, मला सोपं जावं म्हणून.

आता अडचण सांगते. पाटी पाळायची तर कधी कधी ट्रॉली अर्धीच भरणार. गळाच्या बोटीला मासा थोडा. आणि अर्धी ट्रॉली माझ्या दारातून वाफेला जात नाही, हा माझा नियम. मला माझ्या आधीच्या बाईनं सांगितला, तिला तिच्या आधीच्या. अर्धी ट्रॉली गेली की वाफ वाया जाते आणि मासा कोरडा पडतो. म्हणून शेजारच्या ट्रॉलीतून घ्यायचा आणि चौदाही ट्रे भरायचे.

मी बॉयलरवाल्याला विचारलं, काय करू? तो म्हणाला, 'दहा मिनिटं आधी काढा. वरचे ट्रे रिकामेच ठेवा, पण ठेवा. मासा कोरडा पडणार नाही.' मी म्हटलं, मेल्या, हे तुला कधीपासून ठाऊक? म्हणाला, पहिल्या वर्षापासून. मग बोलला का नाहीस? म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत.

बघ. आम्हाला कोणी सांगितलं नाही म्हणून आम्ही रुसलो, आणि आम्ही तरी कोणाला विचारलं?

आजी

ता. २ मार्च

चिंगळे,

आज ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मागच्या दोन पत्रांत एक गोष्ट मी कडेकडेनं लिहिली. तू हुशार, तुला कळली असेल.

तू त्या दिवशी विचारलंस, 'बाई, ही निळ्या पाटीची ट्रॉली नेहमी अशीच भरता?' आणि मी छाती पुढे काढून म्हटलं, नेहमीच. सव्वीस वर्षांत अर्धी ट्रॉली माझ्या दारातून गेलेली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला वाटलं तू वहीत माझं कौतुक लिहिते आहेस.

महिन्यानं ऑर्डर थांबली. बायका म्हणाल्या, वाफआजीच्या नातीनं केलं. म्हणाल्या, घरची पोर आणि घरावरच उलटली. मी ऐकलं. मी म्हणू शकले असते, की अगं, माझ्याच तोंडानं सांगितलं मी तिला. म्हटलं नाही. तुझ्यावर रागावून बसले, कारण रागावलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही. तुझी आई मला म्हणाली होती, आई, एकदा तिचंही ऐकून घ्या. मी तिच्याशीही चार दिवस अबोला धरला. ती बिचारी रोज माझ्यापुढे चहा ठेवून जायची आणि मी तो प्यायचेही. राग आपल्या जागी, चहा आपल्या जागी.

तुझा अहवाल ऐकल्यापासून घशाशी आलं होतं. खाई त्याला खवखवे. काल जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावर डबा आपटला आणि उभी राहिले. म्हटलं, माझ्या नातीला शिव्या दिल्यात त्या मला द्या. मिसळलं मी, शिकवलं मी, आणि तिला सांगितलंही मीच. चौदा महिने तुमच्यापासून लपवलं.

दोनवेण्यानं घास गिळला आणि म्हणाली, 'काय लपवलंस? तुझा आवाज बॉयलरच्या भोंग्यापेक्षा मोठा. त्या दिवशी अख्ख्या हॉलनं ऐकलं होतं.'

मी बसलेच.

अगं, सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? त्यांतली एक म्हणाली, तुला लाज वाटली असती. दुसरी म्हणाली, पहिले दोन महिने आम्ही तुलाही शिव्या दिल्या, पण तू नसताना. दोनवेण्या म्हणाली, 'आणि मिसळायला आमचे हात नव्हते का? तू एकटी कशाला मोठी होतेस?'

या बायकांच्या चुली थंडावल्या होत्या, चिंगळे. एक दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत होती. दोनवेण्यानं तिचं शिवणयंत्र लोकांच्या उसवलेल्या कपड्यांवर चालवलं. आणि एवढ्या दिवसांत एकीनंही मला तोंडावर बोलून दाखवलं नाही. मी त्यांच्याकडे पाहून हात जोडले, तर दोनवेण्या म्हणाली, जोडू नकोस, माशाचा वास येतो.

मग मी हसत रडले. की रडत हसले. तुझ्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, फरक नाही, पाणी खारटच.

आजी

ता. ११ मार्च

चिंगळे,

तुझं पत्र आलं. पाचच ओळी. डाकवाल्यानं दारातून ओरडून सांगितलं, आजी, परगावचं आहे, म्हणून शेजारच्या तिघी जमल्या. मी कोणाला दाखवलं नाही. तुझ्या आईला दाखवलं. तिनं घेतलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, खूप वेळ परत देईना.

तू लिहितेस, तिन्ही पत्रं मिळाली, रोज वाचते. वीस तारखेपर्यंत मी येणार नाही, फोनही करणार नाही, तपासणीवर माझी सावली पडायला नको. मग येईन, पास झालात तरी आणि नापास झालात तरी.

आधी मी पहिलीच ओळ वाचून रागावले. म्हटलं, आजी जिवंत आहे तोवर ये म्हणावं, सावली कसली घेऊन बसलीस. आजोबांनी पूर्ण वाचायला लावलं. त्यांना ऐकू कमी येतं पण वाचता नीट येतं, माझं उलटं. मग शेवटची ओळ वाचली. 'नापास झालात तरी.' ती मी कापून, म्हणजे कापून नाही, घडी घालून, एप्रनच्या खिशात ठेवली आहे. धुण्यात जाऊ नये म्हणून रोज काढते, रोज ठेवते.

तू माझ्यासाठी नोकरीही पणाला लावलीस हे मॅनेजरकडून कळलं. तुझ्या वरिष्ठांनी म्हटलं होतं म्हणे, आजीच्या कारखान्याची वकिली करते आहे. तू आम्हाला काही कळवलं नाहीस. कोणाच्या वळणावर गेलीस कोण जाणे. माझ्या तर नाही.

इकडची आणखी एक गंमत. शाळेच्या स्वयंपाकघरात डबे जातात ना आपले, तिथली स्वयंपाकीणबाई काल कारखान्यात आली. मोठी धिप्पाड बाई, हातात चमचा घेऊनच आल्यासारखी चालते. म्हणाली, मुलांनी विचारलं हा मासा कुणी धरला, मला सांगता येईना, म्हणून बघायला आले. तिला मी झाकणावरचे आकडे शिकवले. मी! दुसरी पास! ती म्हणाली, आता रोज फळ्यावर बोटीचं नाव लिहीन. आणि तिनं सांगितलं, तुम्ही पास व्हा, आम्ही दुसरे डबे घेणार नाही असं वर कळवलं आहे.

म्हणजे बघ, तू दुकानातून ओढते आहेस, ती शाळेतून ढकलते आहे, आजोबा काठी घेऊन उभे, कप्तान तीन महिने जाळं आवरून बसतो, आणि कोपऱ्यावरचा तो डबे उलटे ठेवतो. एवढ्या सगळ्यांनी हात लावल्यावर मी माझा हात जागेवर ठेवायचा, एवढंच काम उरलं आहे. पण तोच हात सव्वीस वर्षांचा आहे गं. आपोआप शेजारच्या ट्रॉलीकडे जातो. काल सराव करताना दोनदा गेला. दोनवेण्यानं चापट मारली.

आजी

ता. २० मार्च, संध्याकाळ

चिंगळे,

झाली तपासणी. निकाल ठाऊक नाही. तू काही विचारू नकोस आणि मीही लावून धरत नाही, पण घडलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला बसवत नाही.

तपासनीस बाई सकाळी आठला आल्या. बारीक चणीच्या, जाड चष्म्याच्या, वाफेनं चष्मा धुकटला की पुसायच्या आणि पुन्हा बघायच्या. कमी बोलतात. मी बोलले तेवढं बोलले, मग आजोबांची ताकीद आठवून गप्प बसले.

दुपारपर्यंत सगळं छान. तुझ्या चुलत काकाच्या, म्हणजे आता तो चालवतो त्या आजोबांच्या जुन्या बोटीचा मासा आला होता, दोन ट्रॉल्या पुऱ्या आणि तिसरी अर्धी. मी बाईंना बॉयलरचं घड्याळ दाखवायला आत गेले. अर्धी ट्रॉली कशी दहा मिनिटं आधी काढतो ते बॉयलरवाल्यानं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी विचारलं म्हणून पाऊण तास सांगितलं. बाई तिथून डबे भरण्याच्या मशीनकडे गेल्या, मी दाराशी परत आले.

तिसरी ट्रॉली भरलेली होती. चौदाच्या चौदा.

मी दोनवेण्याकडे पाहिलं. ती आपल्या हातांकडे पाहत होती, ते तिचे नसल्यासारखं. ती गात होती गं, गाता गाता भरून टाकली. पिवळ्या पाटीच्या ट्रॉलीतून. चापट मारणारी तीच.

सगळे मासे एका जातीचे, एका मापाचे, एकाच बर्फातले. कुठला गळाचा आणि कुठला जाळ्याचा हे आता त्या माशांनाच ठाऊक. निवडता येत नव्हते. बाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोऱ्या. चारही टेबलांच्या बायका थांबल्या होत्या. चौदा महिने जशा गप्प राहिल्या तशाच गप्प राहिल्या असत्या, मला ठाऊक आहे.

मी विचार केला. तुला खोटं का सांगू? एक ते दहा म्हणावं इतका वेळ केला. एक ट्रॉली. कोणाला कळणार आहे? आणि ट्रॉली तुझ्या काकाची, निळी पाटी काढली तर त्याची दिवसभराची मेहनत साध्या माशात जाईल. मग खिशातल्या घडीला हात लागला. नापास झालात तरी.

मी निळी पाटी सोडली आणि पिवळी बांधली. आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे तुला ठाऊकच आहे, हॉलच्या त्या टोकाला म्हटलं, 'बाई, इकडे या. इथे मिसळलं आहे. मी निळी पाटी काढली.'

त्या आल्या. चष्मा पुसला. म्हणाल्या, कोणी मिसळलं?

दोनवेण्या पुढे सरकली. मी तिच्यापुढे सरकले. म्हटलं, 'माझ्या सवयीनं. सव्वीस वर्षं मीच शिकवलं आहे. हात कोणाचा ते विचारू नका, सगळे हात माझेच आहेत.'

त्यांनी लिहून घेतलं. बराच वेळ लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना, चष्म्यावर नुसती वाफ.

चारच्या सुमाराला गळाची शेवटची बोट आली. पाच ट्रे भरतील एवढाच मासा. लहान सोडून दिले होते. मी ट्रॉलीला निळी पाटी लावली, पाच ट्रे भरले, नऊ रिकामे सरकवले आणि वाफेचं दार उघडलं. ढकलताना ती इतकी हलकी लागली की माझाच तोल गेला. सव्वीस वर्षांत पहिली अर्धी ट्रॉली. अर्धीही नाही, पाव म्हण.

बॉयलरवाल्यानं दहा मिनिटं आधी काढली. दोनवेण्यानं एक मासा सोलला, मान हलवली. कोरडा नव्हता.

काकाला पाटी काढल्याचं मी स्वतः धक्क्यावर जाऊन सांगितलं. त्यानं हातातला दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, काकू, खोट्या पाटीनं विकला असता तर उद्या माझ्या खऱ्या माशावरही कोण विश्वास ठेवणार होतं? आणि पुढे म्हणाला, पण पुन्हा असं करू नका. मी म्हटलं, नाही करणार रे बाबा.

आता पाय दुखतात. पण चिंगळे, पाय दुखायला काम होतं आज, चारही टेबलांना. त्याबद्दल तुझी आभारी. आता न खोडता लिहिता येतं बघ.

आजी

ता. ४ एप्रिल

माझ्या चिंगळे,

आशीर्वाद आधी, नाहीतर पुन्हा राहील. सुखी राहा, खरं बोलत राहा, आणि तुला विचारणारी माणसं भेटत राहोत.

निकाल तुला माझ्या आधी कळला असेल. तरी माझ्याकडून ऐक, माझ्यासारखं तुला कोणी सांगणार नाही. मॅनेजर हॉलमध्ये उभा राहिला. ह्या वेळी कागद खिशात ठेवला नाही, आल्या आल्या वाचला. चष्मेवाल्या बाईंनी लिहिलं आहे, एक ट्रॉली मिसळली गेली, ही चूक आहे, दोन रंगांच्या ट्रॉल्या शेजारी उभ्या करू नका, मध्ये भिंत घाला. सहा महिन्यांनी पुन्हा पाहायला येऊ. आणि मग लिहिलं आहे, 'निळी पाटी लावणारे कारखाने मी पुष्कळ पाहिले. ती स्वतःहून काढणारा हा पहिला. ऑर्डर द्यावी.'

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोनवेण्या वेण्या बांधायला लागली, ती मन भरून आलं की तेच करते. मग बॉयलरवाल्यानं भोंगा दिला, वेळ नसताना.

सोमवारपासून तिन्ही टेबलं चालू. गवंडी मध्ये भिंत घालतो आहे. दोनवेण्या म्हणते, भिंत माझ्यासाठी आहे, तिला माझं नाव द्या.

सोबत एक डबा पाठवते. झाकणावरचे आकडे वाच. तारीख वीस मार्च, बोट ती शेवटची, आणि शेवटचा आकडा माझ्या दाराचा. त्या पाच ट्रेतला आहे. जपून ठेवू नकोस, तसली खुळं आपल्याकडे नकोत. उघड आणि खा. डबा खाण्यासाठी असतो.

बारा तारखेला येतेस, हे वाचून तुझी आई दोनदा पडदे धुऊन बसली आहे. आजोबांनी काठीला तेल लावलं. तू येशील तेव्हा पुढच्या दारानं येऊ नकोस, तिथून पाहुणे येतात. मागून ये, वाफेच्या दारानं. मी तिथेच असेन. टोपी घाल, मास्क घाल, नियम म्हणजे नियम. पण मला बाई म्हणू नकोस.

ह्या वेळी तुझ्या आधी मीच बोलणार आहे. त्यांना सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगणार आहे. आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल, की ही माझी नात.

तुझी आजी